सहा वाजून सहा मिनिटांचं टोकन

१

रविवारी 'सकाळची हाक' मुकी झाली आणि द्रेनोवा गावचे मानोलआजोबा विहिरीपाशी नऊ तास पडून राहिले.

बल्गेरियातल्या स्मोल्यानच्या डोंगरांत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ही सेवा रोज सकाळी आठला फोन करते. म्हाताऱ्याने एकचं बटण दाबलं की सगळं ठीक. दाबलं नाही तर गावची नर्स पायांत बूट चढवून निघते. त्या रविवारी कुणालाच फोन गेला नाही. ही सेवा चालवणाऱ्या छोट्या कंपनीने क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या देशात भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरांवर, सगळ्या म्हाताऱ्यांची यादी ठेवली होती. तिथे कुणी परका शिरला आणि यादी पुसून गेला. बरं, त्याने कुलूपही फोडलं नव्हतं. त्याच्याकडे टोकन होतं. टोकन म्हणजे चाळीस अक्षरांची किल्ली, आणि ती कंपनीनेच चव्हाट्यावर टांगून ठेवली होती. सरकारी पैशाने केलेला कोड जनतेला खुला ठेवायचा, असा तिथला कायदा. त्या खुल्या कोडात, एका ओळीत, टोकन उघडंनागडं बसलेलं सापडलं.

ती ओळ टाकणाऱ्याचं नाव शेजारीच लिहिलेलं होतं: इस्क्रा पालिकारोवा. वय वर्षं चोवीस.

"नाव मिळालेलंच आहे," मालकीणबाई रालित्सा म्हणाली. चाळिशीची, झोप उडालेली, दर दोन वाक्यांनंतर फोन उलटा करून ठेवणारी. "पाच वाजता नगरपालिकेला अहवाल द्यायचाय. ते म्हणतात, जबाबदार माणूस काढा, नाही तर सेवाच दुसऱ्याला देतो. तुम्ही फक्त शिक्का मारा, स्तामेनाबाई."

"मी शिक्के मारत नाही," स्तामेना तासेवा म्हणाली. "आधी चहा पाजा. प्लोवदिवहून अडीच तास बसमध्ये आदळत आलेय."

स्तामेना एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर अशा चौकश्या करायला लागली. पैशासाठी नव्हे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी स्पेनमध्ये, सारागोसाला, आणि घरात रेडिओखेरीज तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. चौकशीत निदान माणसं समोर बसतात, खोटं का होईना पण बोलतात. तिला ते आवडायचं, आणि आवडतं याची थोडी लाजही वाटायची.

डोंगरी चहाचा कप हातात घेऊन तिने रालित्साने दिलेला कागद वाचला. टोकनची ओळ कोडात आली तेव्हाची वेळ सहा वाजून सहा मिनिटं. परका आत शिरला ती वेळ सात वाजून दहा मिनिटं.

"काय हो," ती म्हणाली, "हा चोर मधला तासभर काय करत होता?"

२

इस्क्रा समोर बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण हनुवटी वर होती.

"मी नाही टाकलं. हे मी रविवारपासून सांगतेय. आता तर माझा मलाच कंटाळा आलाय."

"ओळीवर नाव तुझं आहे."

"आहे ना. म्हणून तर सगळे माझ्याशी असे हळू आवाजात बोलतात. घरात कुणी गेल्यासारखे."

"रविवारी सकाळी सहाला कुठे होतीस?"

"झोपले होते."

"साक्षीदार?"

"उशी." मग ती जरा वरमली. "सॉरी, मावशी. भाड्याच्या खोलीत एकटी राहते. कोण सांगणार? पावणेसातला उठून सातची बस पकडली, आईकडे जायला. घड्याळ एक तास पुढे गेलेलं लोकांच्या लक्षातच नव्हतं. अख्ख्या बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. मला म्हणाला, पुढे बस, नाही तर मला झोप लागेल. पण त्याचा काय उपयोग? त्याआधीच तासाभरापूर्वी मी चोरी करून मोकळी झालेय म्हणे."

स्तामेनाला हसू आलं. "काढलं तर काय करशील?"

"कोण ठेवेल मला? जिचं टोकन चुकलं आणि म्हातारा विहिरीपाशी पडला, ती मुलगी. या धंद्यात नाव गेलं की गेलं." तिने नाक पुसलं. "मी काल आजोबांना भेटायला गेले होते. कमरेचं हाड मोडलंय. त्यांना वाटतं मी नर्स आहे. मी काहीच बोलले नाही. मला सांगा, मी बोलायला हवं होतं का?"

स्तामेनाने तिच्यापुढे रुमाल सरकवला. तिने पोरीचं मशीन मागितलं. कंपनीत प्रत्येकाच्या मशीनवर एक पहारेकरी बसवलेला होता. बाहेर जाणारा कोड तो आधी तपासतो, आणि टोकनसारखं काही दिसलं की अडवतो. स्तामेनाने एक खोटं टोकन लिहून पाठवायचा प्रयत्न केला. पहारेकऱ्याने लाल अक्षरांत धुडकावून लावलं. वेगळ्या नावाने लिहिलं, तरी धुडकावलं. तिने तीनदा तऱ्हा बदलून पाहिलं.

या मशीनवरून ती ओळ बाहेर जाणं शक्यच नव्हतं.

३

"बाई!" दोब्रिन खुर्चीतून उठला. "तुम्हालाच पाठवतील असं वाटलं नव्हतं."

दोब्रिन कारामितेव. चव्वेचाळीस वर्षांचा, कंपनीतला सगळ्यात जुना माणूस आणि स्तामेनाचा विद्यार्थी. दर चोवीस मेला, शाळांच्या सणादिवशी, त्याचा फोन यायचा. तीस वर्षांच्या शेकडो विद्यार्थ्यांत फोन करणारा तो एकटाच उरला होता. त्याला पाहून तिला इतका आनंद झाला की आपण कशाला आलोय हे ती घटकाभर विसरली.

"अजून उशिरा येतोस का रे?"

"तुम्ही ते विसरला नाहीत का?"

"कसं विसरेन? मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की दुसऱ्या दिवशीचा सोमवार. गावाहून येणार तो बरोब्बर एक तास उशिरा. आणि विचारलं तर म्हणणार, आई म्हणते सरकारचं घड्याळ सरकारला लखलाभ, कोंबडा काही बदलत नाही."

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हं, सरपंच," तो पाठ फिरवून म्हणाला. "धुराडं बघितलंत? धूर येतोय? बरं. नाही, नाही, मला बोलायचं नाही. फक्त धूर." आणि त्याने फोन ठेवला.

स्तामेना टोकनवर आली. किल्ल्या कोडात लिहायच्या नसतात, हे त्याने तिलाच शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. त्या तिजोरीत असतात. तिजोरी म्हणजे वेगळा, कुलूपबंद प्रोग्राम. कोड गरजेपुरती किल्ली मागून घेतो आणि काम झालं की विसरतो. माणसाने किल्ली काढली तर तिजोरी त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवते.

"ही किल्ली आजवर कुणी काढली?"

"रालित्साने एकदा. मी एकदा, ऑक्टोबरमध्ये. काम होतं."

"इस्क्राने?"

खिडकीबाहेर उशिराचा बर्फ पडत होता, तिकडे बघत दोब्रिन म्हणाला, "पोरगी चांगली आहे, बाई. पण नवी आहे. होतात चुका. तिला खरंच काढतील का?"

"ते राहू दे. इस्क्राने किल्ली काढली होती का?"

"नाही," दोब्रिन म्हणाला. "कधीच नाही."

म्हणजे जी किल्ली तिने कधी हातात घेतली नाही, ती तिने चव्हाट्यावर टाकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी तयार होत होती. आणि किल्ली काढणाऱ्यांतलं जे नाव मनात येत होतं, ते घेण्याची स्तामेनाची छाती होत नव्हती.

४

जेवणाच्या वेळी सगळे खाली गरम बानित्सा, चीज भरलेली पोळी, खायला गेले. स्तामेना मागे राहिली आणि कागद पुन्हा पुढे ओढला.

उघडं टोकन खुल्या कोडात पडलं की किती वेळ टिकतं? या धंद्यातल्या कुणालाही विचारा. अशी टोकनं हुंगत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस जागे असतात. चार मिनिटं, फार तर पाच. आणि हा चोर एक तास चार मिनिटं थांबला होता. चोराला कसली आली भीडभाड? ही चार मिनिटं तिला पटत होती. अडचण त्या तासाची होती.

तिने रालित्साचा कागद बाजूला ठेवला आणि मूळ नोंद उघडली. रालित्साने वेळ उतरवून घेताना घाईत शेपूट सोडून दिलं होतं. मूळ नोंदीत ०६:०६ च्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: +०२००.

ग्रिनिचच्या पुढे दोन तास. ही बल्गेरियाची हिवाळी वेळ. पण त्या रविवारी पहाटे तीनलाच देशाची घड्याळं एक तास पुढे गेली होती, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे तीन तास. कंपनीतली सगळी मशीनं आपोआप पुढे गेली होती. तिने एकेक पाहिलं. रालित्साचं, इस्क्राचं, दोब्रिनचं, सगळी +०३००.

ज्या मशीनवरून टोकन बाहेर गेलं, ते एकटंच हिवाळ्यात राहिलं होतं. त्याचे सहा वाजून सहा म्हणजे इतरांचे सात वाजून सहा. चार मिनिटांनी चोर आला. हिशेब चोख बसला.

आणि सात वाजून सहा मिनिटांनी इस्क्रा बसमध्ये ड्रायव्हरला जागं ठेवत होती. स्तामेनाने बस आगारात फोन लावला. ड्रायव्हर मोठ्या आवाजाचा निघाला. "ती पोरगी? हो, हो! अर्ध्या वाटेपर्यंत भुताच्या गोष्टी सांगितल्या तिने. मोबाइल? घाटात कुठला आलाय सिग्नल, बाई!"

इस्क्रा जेवून वर आली तेव्हा स्तामेनाने तिला एकच प्रश्न विचारला. "तू नोकरीला लागलीस तेव्हा तुला हेच मशीन दिलं होतं का?"

"नाही. एक म्हातारं डबडं होतं. फार आवाज करायचं."

"त्यात तुझं नाव कुणी भरलं?"

"मीच भरलं. पहिल्याच दिवशी." ती थांबली. नाव म्हणजे काही सही नव्हे. मशीनला एकदा सांगितलं की ते पुढच्या प्रत्येक ओळीवर तेच लिहीत राहतं, समोर कोणीही बसलेलं असो. हे तिलाही माहीत होतं, पण तीन दिवस तिच्याकडे सगळे असे बघत होते की ती स्वतःही विसरली होती.

"ते डबडं कुठे आहे आता?"

"जिन्याखालच्या खोलीत. दोब्रिनकाकांनी नेलं. भाषांतराच्या फाइली बाहेर पाठवायला लागतं म्हणाले."

५

काखेत कळसा म्हणतात तसं ते डबडं जिन्याखाली घरघरत होतं. पहारेकरी येण्याच्या आधीचं मशीन. त्याच्यावर तो बसवायचा राहूनच गेला होता. घड्याळ चुकून मागे राहिलं नव्हतं. कुणी तरी हाताने हिवाळ्यावर ठेवून, 'आपोआप बदलू नये' असं बजावलेलं होतं. कोंबडा काही बदलत नाही, स्तामेनाला आठवलं.

मशीन रोज सकाळी आपल्या घड्याळाच्या सहाला एक काम करायचं आणि सहा मिनिटांनी दुसरं. दुसरं काम साधं: एका कप्प्यातलं सगळं खुल्या कोडात पाठवून देणं. त्या कप्प्यात शनिवारी एक फाइल चुकून पडली होती. तीच पहिल्या कामाची फाइल होती. शनिवारी तिच्यात कुणी नवीन वाक्यं भरली होती. 'आई, बर्फ पुन्हा पडणार म्हणतात.' 'आई, गोळ्या घेतल्यास?' 'छान, छान.' अशी छत्तीस वाक्यं. खाली एक फोन नंबर. आणि त्याखाली टोकन, सरळ लिहिलेलं. तिजोरीतून रोज मागितलं असतं तर तिजोरीने रोज सहाला नाव टिपलं असतं, आणि कुणी तरी विचारलं असतं.

मशीन रोज एका बाईला फोन करत होतं, तिच्या मुलाच्या आवाजात. ती जे बोलायची ते साठवून ठेवत होतं. ऑक्टोबरपासून रविवारपर्यंत एकशे बासष्ट आवाज. एकही उघडलेला नव्हता.

स्तामेनाने खोलीचं दार लावून घेतलं आणि ऐकायला बसली. बसली ती दोन तास उठली नाही. आपल्याला हे ऐकायचा अधिकार नाही हे तिला कळत होतं. पण एक म्हातारी बोलत होती आणि कुणीच ऐकलं नव्हतं, तेव्हा तिला उठवेना.

ती वर आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दोब्रिन जागेवर होता. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "जिन्याखाली गेला होतात."

६

ते दोघं जिन्याखाली उभे राहिले. खोली एवढीशी की बसायला जागा नव्हती.

"तुझ्या आईचं कामेन दोल इथून चाळीस किलोमीटरवर आहे, दोब्रिन."

"माहीत आहे."

"मग फोन तरी स्वतः करायचास."

"केला की विचारते, कधी येतोस. बाबा गेले तेव्हा तिला इथे आणायला गेलो होतो. म्हणाली, मी मेल्यावर ने. त्यावर मी जे बोललो ते तुम्हाला सांगणार नाही, बाई. त्यानंतर तिचा आवाज ऐकला की मी फोनच ठेवून देतो." तो भिंतीला टेकला. "पण सकाळी कुणी तरी हाक मारायलाच हवी ना. आमच्या यादीत नाव घालावं तर कंपनीत सगळ्यांना कळेल की दोब्रिन आईला फोन करत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना फोन लावायचे, आणि घरी हे."

"आणि इस्क्रा?"

त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, समज देऊन सोडतील. मग काढायची गोष्ट निघाली. बाई, मी बोललो तर हे आवाज चौकशीत बाहेर येतील. आईपर्यंत जाईल. सहा महिने आपला मुलगा नव्हता, डबडं होतं, हे कळलं तर ती खचेल. पोरगी तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल. तुम्ही लिहा ना, कुणी बाहेरच्याने केलं. तुम्ही लिहिलं तर कोण शंका घेणार?"

स्तामेनाला ते लिहायचं होतं. खरंच लिहायचं होतं. चोवीस मेला वाजणारा एकच फोन होता तिच्याकडे. तिने वाकून एक आवाज लावला. जानेवारीतला.

आधी दोब्रिनचा आवाज: "पाय कसा आहे, आई?"

मग म्हातारीचा, स्वच्छ, जरा खट्याळ: "पाय मोडून पडला, घरात लांडगा शिरला." आणि मशीनने उत्तर दिलं, "छान, छान." म्हातारी हसली. खूप वेळ हसली. मग म्हणाली, "वाटलंच होतं मला. हे बघ बाबा यंत्रा, आजपासून तुझं माझं ठरलं. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला लाज वाटेल, आणि मग तो तुलाही पाठवायचा नाही. तू येत जा. मी बोलत जाईन."

दोब्रिन खाली बसला. जागा नव्हती तरी बसला.

"पुढचे अडीच महिने ती यंत्राशी बोलली आहे," स्तामेना म्हणाली. "कोंबड्यांचं, शेजारणीचं, तुझ्या लहानपणाचं. जिला फसवतोयस असं तुला वाटत होतं, ती तुलाच सांभाळून घेत होती. आणि या पोरीचा बळी तू त्या फसवणुकीसाठी द्यायला निघाला होतास. पाचला मी खरं सांगणार आहे. तू आधी सांगितलंस तर मला बरं वाटेल, एवढंच."

वर रालित्सा अहवाल घेऊन उभी होती. इस्क्रा आपल्या टेबलावरचा कप आणि चार्जर पिशवीत भरत होती. दोब्रिन दारातच थांबला आणि उभ्या उभ्या सगळं बोलला. जुनं मशीन, आईला जाणारा फोन, हिवाळी घड्याळ, टोकन, शनिवारची चूक, आणि त्यानंतरचे चार दिवस गप्प राहणं. स्वतःची बाजू मांडायचा त्याने प्रयत्नही केला नाही. रालित्साने अहवालावरचं इस्क्राचं नाव खोडलं.

"तुझी माफी मागतो," तो इस्क्राकडे वळून म्हणाला.

इस्क्राने माफीचं काहीच केलं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, कामात असताना पडायची तशी. "टोकन आम्ही रविवारी रद्द केलं," ती म्हणाली. "म्हणजे मशीनचा फोन रविवारी सकाळी शेवटचा लागला. सोमवार, मंगळवार, आज. तीन दिवस तिला फोन नाही?"

"सरपंचांना विचारतोय मी. धूर येतोय."

"धूर?" तिचा आवाज चढला. "तीन सकाळी ती फोनपाशी बसली असेल, आणि तुम्ही धूर मोजताय? लावा ना! माझी माफी नंतर मागा. आधी लावा!"

दोब्रिनने फोन काढला. नंबर दाबला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. मग उचलला.

"आलास का रे बाबा?" म्हातारीचा आवाज पलीकडून सगळ्यांना ऐकू आला. "मला वाटलं त्याने तुला मोडीत काढलं."

दोब्रिनचं तोंड उघडं राहिलं. स्तामेनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, शाळेत फळ्यापाशी अडलेल्या पोरांच्या पाठीवर ठेवायची तसा.

"यंत्र नाही, आई," तो म्हणाला. "मी आहे."

पलीकडून घड्याळाची टिकटिक तेवढी येत होती.

"मी येऊ का, आई? आत्ता निघतो."

"थांब," म्हातारी म्हणाली. "दूध चुलीवर आहे, उतू जाईल. बाजूला ठेवून येते. तू ठेवू नकोस हं फोन. ठेवू नकोस."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग चपला फरफटत लांब गेल्या. दोब्रिन फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभा राहिला.